ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन बसकी घ्यावी की उंच? नागपूरकरांनी टेप लावून ठरवावं

काटोलच्या अलीकडे आमची संत्र्याची बाग आहे. डांबरी रस्ता सोडला की बागेपर्यंत साडेसहाशे मीटर पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी मातीची वाट. माझी गाडी वर्षाला सोळा-सतरा हजार किलोमीटर चालते, त्यातलं या पांदणीवरचं चालणं शंभर किलोमीटरही भरत नाही. तरी कोणती गाडी घ्यायची हे शेवटी त्या साडेसहाशे मीटरनेच ठरवलं. तुमच्या बाबतीत ते तसं ठरेलच असं नाही, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. वॅगन घेणाऱ्या माणसाला दोन्ही गोष्टी हव्या असतात. समृद्धीवर जमिनीला चिकटून पळणारी गाडी हवी आणि ताडोब्याच्या वाटेवर पोट न घासणारीही. दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. कुठली किती सोडायची, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येतं.

फरक किती असतो

वॅगन म्हणजे सेडानचाच सांगाडा, पण मागे डिकीऐवजी छतापर्यंतची लांब सपाट जागा. काही कंपन्या तीच वॅगन थोडी उचलून, खाली प्लास्टिकची झालर लावून, जाड बाजूचे टायर घालून वेगळ्या नावाने विकतात. सुबारूने १९९० च्या दशकात लेगसी वॅगनवरून आउटबॅक काढली, व्होल्वोने क्रॉस कंट्री, आउडीने ऑलरोड. व्होल्वोची व्ही६० क्रॉस कंट्री साध्या व्ही६० पेक्षा ६० मिलिमीटर उंच आहे. आउडी ए४ ऑलरोड आणि ए४ अवांत यांच्यातला फरक ३४ मिलिमीटर. म्हणजे सगळा वाद तीन ते सहा सेंटिमीटरचा, चार बोटांच्या आतला.

भारतात अशा गाड्या फार थोड्या विकल्या गेल्या. २०१७ मध्ये व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री आली, २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची (म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांच्यातली मोकळी जागा). २०१८ मध्ये मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन आली, एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी. बसक्या बाजूला २०१५ ची आउडी आरएस६ अवांत. आज बहुतेकांची खरेदी सेकंडहँडच असणार, त्यामुळे माहितीपत्रकापेक्षा समोर उभी असलेली गाडी कशी आहे हे महत्त्वाचं.

बसकी गाडी दोन तऱ्हांची असते. एक, कंपनीनेच खाली ठेवलेली. दुसरी, मालकाने बाजारात स्प्रिंग बदलून खाली बसवलेली. दुसरीपासून मी लांब राहायला सांगेन. वॅगन ओझं वाहण्यासाठी असते. आखूड स्प्रिंगवर मागे दीडशे-दोनशे किलो टाकलं की सस्पेन्शनला खाली जायला जागाच उरत नाही, गाडी रबरी स्टॉपरवर आपटत चालते आणि टायर आतल्या बाजूने झिजतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. विम्याचा दावा करायची वेळ आली की हा मुद्दा अंगावर येतो. स्प्रिंगपाशी स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, घालून उंच केलेल्या गाडीलाही हेच लागू. तिच्यात ॲक्सलचा कोन बदलतो, सांध्यावरचं रबरी बूट लवकर फाटतं आणि ग्रीस बाहेर येतं.

पहिलं काम: महिनाभराची वही

गाडी बघायला जाण्याआधी एक महिना वहीत लिहा. रोजचे किलोमीटर नकोत, फक्त रस्त्याचे तुकडे. घराचं गेट, ऑफिसचं तळघर, लेआउटमधले ब्रेकर, वर्धा रोड, समृद्धी, रामटेकचा रस्ता, सासरच्या गावचा शेवटचा तुकडा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: महिन्यात किती वेळा, गाडीत किती माणसं आणि सामान, आणि तो टाळता येतो का.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ताडोब्याला गेलात तरी जंगलाच्या आत सफारीच्या गाडीतच बसायचं असतं. तुमची गाडी गेटपर्यंत किंवा रिसॉर्टपर्यंत, आणि तिथवर बहुतेक डांबर आहे. म्हणजे ‘आम्ही दर दोन महिन्यांनी ताडोब्याला जातो’ हे उंच गाडी घेण्याचं कारण होत नाही. रिसॉर्टच्या फाट्यापासून आतला अर्धा किलोमीटर मुरुमाचा आणि उखडलेला असेल, तर तो अर्धा किलोमीटर वहीत लिहा. तो तुकडा बघायचा, अख्खं ताडोबा नाही.

दुसरं काम: टेप आणि मिस्त्रीची लेव्हल

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा अनेकदा रिकाम्या गाडीचा असतो. तुमचा आकडा भरलेल्या गाडीचा हवा. टाकी भरा, घरातल्या माणसांना आपापल्या जागी बसवा, मागे नेहमीचं सामान टाका आणि सपाट फरशीवर गाडी उभी करून खाली वाकून टेप लावा. दारांखालच्या पट्टीपाशी मोजू नका. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर किंवा त्याचं गार्ड, सायलेन्सरचे जोड, मधून मागे जाणारा शाफ्ट, मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल आणि मागच्या चाकांचे खालचे आर्म, यातलं सगळ्यात खाली लोंबणारं शोधा. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत तो शाफ्ट आणि डिफरन्शियल नसतो. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं त्या गाडीत, असतो, आणि तो फुटला तर खर्च मोठा असतो.

आता उतार. तळघरातल्या पार्किंगचा किंवा घरासमोरचा रॅम्प वर जिथे सपाट जमिनीला मिळतो, तिथे गाडीचं पोट टेकतं. एक मीटरची लेव्हल उताराच्या दिशेने धरून तिचं वरच्या बाजूचं टोक रॅम्पला टेकवा, बुडबुडा मध्यावर आणा आणि हवेतल्या टोकापासून खाली रॅम्पपर्यंतचं अंतर मोजा. ते २० सेंटिमीटर भरलं तर उतार एकास पाच. मग साधा हिशेब करायचा: पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर गुणिले उतार, भागिले चार. व्ही९० क्रॉस कंट्रीचा व्हीलबेस २.९४ मीटर आहे. एकास पाचच्या रॅम्पवर २.९४ चा पाचवा भाग ५९ सेंटिमीटर, त्याचा चौथा भाग साधारण १४.७ सेंटिमीटर. रॅम्पचा माथा गोलसर केलेला नसेल तर पोटाखाली एवढी मोकळी जागा लागतेच. उतार एकास आठ असेल तर तीच गाडी साडेनऊ सेंटिमीटर जागेतही सुटते. लांब वॅगनचा व्हीलबेस मोठा, म्हणून क्लिअरन्स सारखा असूनही छोटी हॅचबॅक जिथून सहज जाते तिथे वॅगन टेकते.

रॅम्प खाली सपाटीला मिळतो तिथे पोटाऐवजी तोंड आणि शेपूट टेकतं. बसक्या गाडीच्या बंपरची खालची कड आणि वॅगनचा मागचा लांब भाग, दोन्ही तपासा. आपल्याकडे सिमेंट रोड झाल्यापासून बऱ्याच जुन्या घरांची गेटं रस्त्याच्या खाली गेली आहेत, त्यामुळे हा प्रश्न बंगल्यांनाही आहे. माझ्या मामांच्या गेटवर पोट टेकायचं. मिस्त्री बोलावून माथ्यावरची धार काँक्रीटने गोल करून घेतली, अर्ध्या दिवसाचं काम, आणि टेकणं थांबलं. वहीतला एकच अडथळा असा तुमच्या स्वतःच्या हद्दीत असेल तर गाडी बदलण्याआधी रॅम्प बदलून बघा.

ब्रेकरचंही गणित आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. त्यावर २.९ मीटर व्हीलबेसची गाडी अख्खी मावते आणि पोटाखाली जेमतेम सहा सेंटिमीटर जागा लागते. म्हणजे मापातला ब्रेकर कुठल्याच धड गाडीला घासत नाही. घासतात ते लेआउटमधल्या लोकांनी उरलेल्या काँक्रीटचे टाकलेले, दोन फूट रुंद आणि सहा इंच उंच ब्रेकर. पुढची चाकं उतरलेली आणि मागची चढायची आहेत, अशा वेळी अख्खा ब्रेकर पोटाखाली असतो. तिथे त्याच्या उंचीइतकी जागा लागतेच, वर स्प्रिंग दबते त्याचे दोन-तीन सेंटिमीटर धरा. सहा इंच म्हणजे १५ सेंटिमीटर. भरलेली बसकी वॅगन तिथे सुटत नाही, २१० मिलिमीटरची सुटते. गाडी तिरकी काढल्याने थोडा फायदा होतो, पण रहदारीत दर वेळी तिरकं होता येत नाही.

स्वतःच्या गेटवर खात्री करायची असेल तर रॅम्पच्या माथ्यावर ओला चुना लावा, भरलेली गाडी सावकाश काढा आणि खाली कुठे पांढरं लागलं ते टॉर्चने बघा. चुना खोटं बोलत नाही.

चारही चाकं फिरतात म्हणजे काय होतं

ऑल-व्हील-ड्राइव्हने गाडी निघायला आणि वेग घ्यायला मदत होते. थांबायला होत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. ओल्या सिमेंटवर थांबण्याचं अंतर टायर ठरवतात. ग्राउंड क्लिअरन्सशी तर तिचा काहीच संबंध नाही, तरी विक्रेते दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात.

माझी आधीची वॅगन बसकी होती, चारही चाकं फिरणारी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस पाऊस पडून उघडला होता. बागेत माणसं कामाला होती, खताच्या गोण्या पोहोचवायच्या होत्या. पांदणीच्या तोंडाशी आमचे सालदार उभे होते. म्हणाले, “भाऊ, गाडी इथंच ठेवा जी. वरून वाळली दिसते, आत अजून लोणी हाये.” मला चार चाकांचा भरवसा होता. दीडशे मीटर गेलो असेन. काळी माती टायरच्या खाचांत भरली आणि चारही टायर गुळगुळीत झाले. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल होत्या, माझी चाकं त्यात उतरली आणि मधल्या उंचवट्यावर पोट बसलं. चाकांवरचा भारच गेला. चाकं फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती. ट्रॅक्टरने मागे ओढून काढली. चेंबरचं गार्ड वाकलं होतं आणि सायलेन्सरचा जोड उघडला होता. सालदारांचं ऐकलं असतं तर गोण्या बैलगाडीने वेळेत पोहोचल्या असत्या आणि त्या माणसांचा दिवस वाया गेला नसता. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. काळ्या मातीत आधी टायरच्या खाचा कामी येतात, मग क्लिअरन्स, आणि चार चाकांचा नंबर तिसरा. दुसरं म्हणजे २१० मिलिमीटरची वॅगनही ओल्या काळ्या मातीत अडकलीच असती, फक्त आणखी काही मीटर पुढे जाऊन. उंच वॅगनचा खरा फायदा ऑक्टोबर ते जूनमधला आहे: वाळलेल्या चाकोऱ्या, मधला उंचवटा, सुटी गिट्टी, धुऱ्याजवळचे गोटे. तिथे सहा सेंटिमीटर म्हणजे सुखाने जाणं आणि दर वेळी छातीत धस्स होणं यातला फरक.

पाण्याचंही सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, ते नागपूरने पाहिलं आहे. पाण्यात गाडी बंद पडते ती इंजिनात हवेच्या तोंडातून पाणी गेल्याने. बॉनेट उघडून ते तोंड जमिनीपासून किती उंच आहे तेवढं मोजून ठेवा. वाहत्या रपट्यावर मात्र बसकीही घालू नये आणि उंचही.

समृद्धीवर पारडं फिरतं

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरीपासूनचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये. गाड्यांना १२० ची मर्यादा. ज्यांचं निम्म्याहून जास्त चालणं इथे आहे, त्यांनी बसक्या किंवा साध्या उंचीच्या वॅगनचा मनापासून विचार करावा. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० ला गेलात की तो सव्वादोन पट होतो. उंच गाडीच्या पोटाखालून जास्त हवा खळबळते आणि तिचे टायरही सहसा रुंद-जड असतात. तासन्‌तास १२० ने चालवल्यावर इंधनात हा फरक दिसतो, आणि बाजूचा वारा आला की स्टिअरिंगवर जाणवतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अचानक वळावं लागणं. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, आणि किती जातो ते गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतं. उमरेड–भिवापूरकडे संध्याकाळी रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यावर आलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. कुठल्याही गाडीत आधी सरळ रेषेत कडक ब्रेक मारायचा. पण वळावंच लागलं तर बसकी गाडी आधी सावरते. तरी कंपनीने उचललेली वॅगनसुद्धा बहुतेक एसयूव्हींपेक्षा बरीच खाली असते, आणि वॅगनवर माझा जीव आहे तो याचसाठी.

टायरचा विचार याच रस्त्यासाठी करा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, खाली तापलेलं काँक्रीट, गाडी भरलेली. हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेली ठेवा. कमी हवेचा टायर जास्त लवचतो, जास्त तापतो आणि फुटतो. बसक्या गाडीला ‘२२५/४० आर१८’ असेल तर टायरची बाजू ९० मिलिमीटरची. गाडीला १७ इंची रिम बसत असेल आणि कंपनीने ते माप मान्य केलं असेल तर ‘२२५/४५ आर१७’ घ्या. चाकाचा घेर जवळपास तोच राहतो, बाजू १०१ मिलिमीटर होते आणि खड्ड्यात रिम वाकायचं प्रमाण कमी होतं. उंच वॅगनला जाड खाचांचे ऑल-टेरेन टायर घालायचा मोह होतो. त्यांचं वेगाचं अक्षर बघा, टायर ताशी किती किलोमीटरपर्यंत चालतो ते त्यावरून कळतं. क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०. ते जड असतात, आवाज करतात, आणि ओल्या सिमेंटवर रस्त्याच्या चांगल्या टायरइतके थांबत नाहीत. वर्षातले शंभर किलोमीटर मातीचे असतील तर नकोत.

घरातल्यांना बसवून बघा

गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसक्या गाडीत उतरून बसावं लागतं आणि उठताना हाताचा आधार लागतो. उंच वॅगनची सीट थोडी वर असते, आई नुसती सरकून बसते. आमच्या घरी या एका गोष्टीचं वजन मोठं होतं. सामानाचं उलटं असतं. संत्र्याचा वीस-बावीस किलोचा क्रेट बसक्या गाडीत ठेवताना कमी उचलावा लागतो. दिवसातून तीस क्रेट भरायचे असतील तर हे कमरेला कळतं.

सेकंडहँड गाडी तपासताना

लिफ्टवर चढवल्याशिवाय टोकनचे पैसे देऊ नका. बसक्या गाडीत चेंबरचं गार्ड, दारांखालच्या पट्ट्या आणि सायलेन्सरवरचे घासल्याचे व्रण बघा. उंच गाडीत ॲक्सलचे बूट, मधल्या शाफ्टचं बेअरिंग आणि डिफरन्शियलभोवतीची ओल बघा. चारही टायर एकाच कंपनीचे, मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. घेरात फरक असला की पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो. म्हणून एक टायर फुटला तर कधी कधी दोन किंवा चार घ्यावे लागतात, तो खर्च आधीच धरा. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, सहसा ८०, पाळावीच लागते. समृद्धीवर ती जीवावर बेतू शकते. त्या क्लचचं तेल कधी बदललं, हे सर्व्हिसच्या कागदांवर शोधा.

मोकळ्या सिमेंटच्या जागेवर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पायी चालण्याच्या वेगाने गोल फिरवा, पुढे आणि मागे. गाडी अडखळत, झटके देत फिरली तर तो क्लच सुटत नाही असं समजा. एअर सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी चारही चाकांच्या वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजा आणि सकाळी गाडी सुरू न करता पुन्हा मोजा. एखादा कोपरा बसला असेल तर हवा गळते आहे. सुटे भाग नागपुरात मिळतात की मुंबई-पुण्याहून मागवावे लागतात आणि किती दिवस लागतात, हे विक्रेत्याला न विचारता त्या गाडीवर काम करणाऱ्या मेकॅनिकला विचारा.

टेस्ट ड्राइव्ह माणसं बसवूनच घ्या. आधी स्वतःच्या लेआउटमधले सगळ्यात वाईट दोन ब्रेकर, मग घरचं गेट. मग शिवमडक्याला समृद्धीवर चढून पहिल्या इंटरचेंजला उतरा आणि जुन्या रस्त्याने परत या. एका तासात वहीतले बहुतेक रकाने तपासून होतात.

मी काय ठरवेन

वहीत टाळता न येणारा एकही तुकडा भरलेल्या बसक्या गाडीला अडत नसेल तर कंपनीची साध्या उंचीची वॅगन घ्या, चांगले टायर घाला आणि उरलेले पैसे वाचवा. अडणारा तुकडा एकच असेल आणि तो तुमच्या गेटचा असेल तर मिस्त्री बोलवा. महिन्यातून दोन-तीनदा भरलेली गाडी घेऊन पांदणीवर, मेळघाटातल्या एखाद्या गावात किंवा गिट्टीच्या रस्त्यावर जावंच लागत असेल तर कंपनीने उचललेली घ्या, आणि समृद्धीवर १०० ने चालवायची सवय लावा.

मी तिसऱ्या गटातला, म्हणून उंच घेतली. मधल्या उंचवट्याला पोट टेकत नाही, आईला बसायला त्रास होत नाही. जून उलटला की गाडी डांबरी रस्त्यावर लिंबाखाली उभी राहते आणि गोण्या बैलगाडीने जातात. पांदण वाळली की नाही हे सालदार सांगतात, मगच चाक आत घालतो.